माहेरापासून तीन दिवसांवर

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही, याचा सल माझ्या आईच्या मनातून कधी गेला नाही. माहेर गोव्यात, पोर्तुगिजांच्या राज्यात. मी नागपुरात, इंग्रजांच्या. मडगावला गाडीत बसायचं. सरहद्दीजवळच्या कुळ्याला पोर्तुगीज जकातवाले ट्रंका उघडून बघत. घाट चढून कॅसलरॉकला आलं की इंग्रजांचे जकातवाले त्याच ट्रंका पुन्हा उघडत. मग पुणं, मनमाड, भुसावळ असं करत, गाड्या बदलत तिसऱ्या दिवशी नागपूर. लग्नानंतर हा प्रवास मी एकदाच केला होता, तोही यजमानांच्या मागे मान खाली घालून. बाहेरचं काही पाहिलं असेल तर ते एवढंच, की भुसावळच्या पुढे नारळाचं एकही झाड दिसलं नाही.

यजमान नागपुरात सेक्रेटरिएटात कारकून होते. शिक्षणासाठी आले आणि तिथेच चिकटले. आमचं बिऱ्हाड इतवारीत, एका घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं. पुढच्या अंगाला घरमालक आणि त्यांची बायको राहत. खोल्या देताना मालकीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला होता, "गोव्याचे म्हणजे तुम्ही ख्रिस्ती का?" यजमानांनी कुळदेवाचं नाव सांगितलं, गोत्र सांगितलं, तेव्हा खोल्या मिळाल्या.

मराठी मला येत होतं. गावच्या शाळेत मराठीच शिकले होते, पोथ्याही वाचल्या होत्या. पण घरात बोलायची ती कोंकणी. नळावर मी तोंड उघडलं की बायका एकमेकींकडे बघायच्या. एकदा मी म्हटलं, "म्हाका एक कळशी भरूं दी," आणि मग चूक लक्षात येऊन "मला" म्हटलं. त्यांच्यात "मले" म्हणतात. दोन्ही शब्द चुकले. त्या हसल्या. वाईट मनाने हसल्या नसतील, पण दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांच्या आधी, उजाडायच्या सुमाराला नळावर जाऊ लागले. बोलायची वेळच यायला नको.

मालकीणबाईंशीही बोलणं बेताचंच. पाचव्या महिन्यात मला मासळीची अशी काही वासना झाली की डोळे मिटले तरी वास यायचा. ट्रंकेत आईने दिलेली सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी होती, मूठभर. एक दिवस दार लावून ती मी तव्यावर भाजली. थोड्या वेळाने मालकीणबाई दाराशी आल्या. नाकाला पदर होता.

"काही मेलं आहे का हो तुमच्या खोलीत?"

 त्यांनी तवा पाहिला. "पोटुशी आहात म्हणून आज बोलत नाही. पण आमच्या घरात हे चालायचं नाही."

मी ती सुंगटं तशीच कागदात बांधली आणि यजमानांना बाहेर टाकून यायला सांगितलं. एकही खाल्लं नाही.

सातव्या महिन्यात माहेरी जायचं ठरलं होतं. त्याच्या आधीच एका सकाळी लुगड्यावर डाग दिसला. बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, "आगगाडीचा प्रवास अजिबात नाही. तीन दिवस तर मुळीच नाही." यजमानांनी माहेरी पत्र घातलं. आई येईल, असं मी धरूनच चालले होते. उत्तर आलं ते काकूच्या अक्षरात; आईला लिहिता येत नसे. वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता, उजवा हात गेला होता, आई त्यांना सोडून निघू शकत नव्हती. काकूने आईचा एक शब्दही न बदलता लिहिलं होतं: "तुझ्याकडे यायला माझे पाय धावतात, पण इथे एक माणूस माझ्या हाताने जेवतं."

पत्र मी पुन्हा वाचलं नाही. घडी करून कुंकवाच्या डबीखाली ठेवलं.

त्या काळी उन्हाळा लागला की मध्यप्रांताचं सारं सरकार पचमढीला जात असे. साहेब जात, फायली जात आणि फायलींच्या मागे कारकून जात. यजमानांनी रजेचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. एप्रिलच्या मध्याला ते निघाले. निघताना मालकांशी बोलले. मालक म्हणाले, "आम्ही आहोत ना इथे, काळजी कशाला करता?" जूनच्या मध्यावर दिवस भरत होते. जून लागताच मी येतो, असं यजमान म्हणाले. टांगा वळेपर्यंत मी खिडकीत उभी होते.

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे मी कोणाशी किती बोलले, ते आठवून मोजता येईल. नागपूरचं ऊन मी पहिल्यांदाच भोगत होते. आमच्याकडे घाम येतो. इथे घाम यायच्या आधीच वाळून जाई. दुपारी छपरावरचे कवेलू तापले की खोलीत भाकरी भाजावी तशी मी भाजून निघे. जमिनीवर पाणी शिंपडून त्यावर झोपायचं, ते वाळलं की पुन्हा शिंपडायचं. पोटातलं मूल फिरायचं तेव्हा मी त्याच्याशी कोंकणीत बोलत असे. दिवसभरात तेवढीच कोंकणी माझ्या तोंडून निघे, आणि ऐकणारं तेवढंच.

मागच्या गल्लीच्या पलीकडे, माझ्या खिडकीसमोर एक मिरचीची वखार होती. भिवापूरहून लहान रुळांच्या गाडीने मिरचीची पोती येत. तिथे एक बाई राहायची, चाळिशीपुढची, नवरा वारलेला. पोती उतरवून घ्यायची, मिरची वाळवायची, दोन-तीन म्हाताऱ्यांना घेऊन देठ खुडत बसायची. मिरची उलथली की सगळ्या गल्लीत खकाणा उठे आणि मी खोकून खोकून बेजार होई. एकदा तिने तिथूनच विचारलं, "लय झोंबून राहिलं का वं बाई?"

मी नुसती मान हलवली आणि खिडकी लावून घेतली. माझं बोलणं ऐकून तीही हसेल, असं वाटलं. त्याशिवाय मालकीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की तिच्या हातचं पाणी आपल्याकडे चालत नाही, फार घसट ठेवू नका. पुढे कळलं, की ती मला गर्विष्ठ समजत होती.

मे महिना संपत आला होता. मालकांच्या भाचीचं लग्न काटोलला होतं. "तुम्हाला अजून तीन आठवडे आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "दोन दिवसांत येतो." जाताना त्यांनी मला लोणच्याची बरणी आणि माठावर ठेवायला ओलं फडकं दिलं. सकाळी ते गेले. दुपारी जेवण करून उठले आणि कमरेत कळ आली.

पहिली कळ मी जेवणावर ढकलली. दुसरीला भिंतीला धरलं. तिसरी आली तेव्हा पायांवरून पाणी वाहिलं आणि मला समजलं. दवाखाना तिथून दीड-दोन मैल. भर दुपार, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. टांगा कोण आणणार? मी दाराची कडी काढली आणि परत आत येऊन चटईवर बसले, कारण उभं राहवेना. कळा थांबेनात. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. आपण ओरडतोय हेही मला कळत नव्हतं. मी "आवय गे, आवय गे" म्हणून ओरडत होते. आवय म्हणजे आई. नागपुरात तो शब्द कोणाला कळणार होता?

पण ओरडणं कोणालाही कळतं. दार ढकललं गेलं आणि ती मिरचीवाली आत आली.

"अवं माय, एकटीच हायेस का? घरवाले कुठी गेले?"

मी बोट दाखवलं, कुठे ते मलाही माहीत नाही. ती परत दारात गेली, पलीकडच्या म्हातारीला हाक मारून दायीला आणायला पाठवलं, आणि आत येऊन दोन हात लांबच थांबली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. सकाळपासून ती मिरचीत होती.

"मले तुले हात लावता येत नाही वं," ती म्हणाली. "आग होईल तुझी. ताक हाये का घरात?"

ताक होतं. माझ्या जेवणातलं उरलेलं. तिने ते कोपऱ्यातल्या मोरीवर बसून हातांना चोळलं, मग चुलीतली राख, मग तेल, मग पुन्हा राख. मी कळेतून डोळे उघडले की ती हात चोळताना दिसे. मध्येच माझा घसा सुकला. मी म्हटलं, "उदक."

ती हात चोळायची थांबली. "काय म्हणून राहिली?"

"उदक. उदक दी."

आमच्याकडे प्यायच्या पाण्यालाच उदक म्हणतात. तिच्याकडे उदक सोडायचं ते मेलेल्या माणसाच्या नावाने. ती जवळ येऊन बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "असं अभद्र बोलू नोको. काही होत नाही तुले. मी हाये नं." मग माझे ओठ पाहून तिला उमगलं असावं. "पाणी पाह्यजे का?" मी मान हलवली. तिने माझ्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जाऊन माठातून पेला भरला आणि तेल लावलेल्या हाताने माझ्या तोंडाला लावला. पाण्याला किंचित मिरचीचा झणका होता. ते पाणी मी सगळं प्यायले.

दायी यायच्या आधीच मूल आलं. तिने माझं एक जुनं लुगडं फाडून हातांना गुंडाळलं होतं, आणि त्या चिंध्यांच्या हातांत तिने बाळाला घेतलं. बाळाच्या डोळ्यांजवळ बोट जाऊ नये म्हणून तिने दोन्ही हात असे लांब धरले होते, जसं काही काठोकाठ भरलेलं भांडं धरलंय. नाळ कापायला ती धजली नाही. दायी येईपर्यंत बाळ तसंच माझ्या पायांशी, तिच्या हातांत होतं. रडलं. मग तीही थोडी रडली, आणि नाक खांद्याला पुसत म्हणाली, "पोरगी हाये. दणकट हाये."

दायी आली, तिने पुढचं सगळं केलं. मिरचीवाली संध्याकाळपर्यंत थांबली. तिने माझ्याच चुलीवर तांदळाची पेज केली, कारण मी दुसरं काही गिळू शकत नव्हते. दुसऱ्या दिवशीही ती दोनदा आली. बाळाला तेल कसं लावायचं ते तिने लांबूनच, आपल्या मांडीवर चोळून दाखवलं. आम्ही फारसं बोललो नाही. पण जेवढं बोलले, ते न लाजता माझ्या भाषेत. तिला निम्मं कळलं असेल. ती एकदाही मला हसली नाही.

तिसऱ्या दिवशी मालकमालकीण परत आले. मालकीणबाईंनी बाळाला पाहिलं, दृष्ट काढली, मला म्हणाल्या, "देवाने सांभाळलं बाई." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. आपण गेलो याचं त्यांना वाईट वाटत होतं. मग त्या माझ्या चुलीकडे वळल्या. राख पसरलेली होती, भांडी दुसऱ्याच पद्धतीने लावलेली होती.

"ती समोरची आली होती म्हणतात. आत आली होती का? माठाला शिवली?"

यजमान पचमढीला. दायीने कोणाकडून तरी करवलेली तार त्यांना आदल्या दिवशी मिळाली असेल. बाळ तीन दिवसांचं. या खोल्यांतून कोणी बाहेर काढलं तर मी कुठे जाणार होते? हे सगळं त्या क्षणी माझ्या मनात होतं की मी ते नंतर जुळवलं, मला आता सांगता येणार नाही. मी म्हटलं, "दारातच होती. सगळं दायीने केलं."

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. विश्वास बसला नसावा, पण उत्तर त्यांना सोयीचं होतं. माठ मात्र त्यांनी नवा आणवला. दुसऱ्या दिवसापासून मला रोज एक डिंकाचा लाडू पाठवत राहिल्या.

मिरचीवाली पुन्हा आली नाही.

यजमान सहाव्या दिवशी आले. मुलीला हातात घ्यायला घाबरले, मग घेतलं. माझ्या केसांवरून एकदा हात फिरवला. त्यांना जे घडलं ते मी सांगितलं. मालकीणबाईंना काय उत्तर दिलं, ते सांगितलं नाही. आठवड्याने त्यांना परत जावं लागलं. ते असतानाच माहेरचं पत्र आलं. आईने बाळंतपणाची सगळी तयारी त्यात काकूकडून लिहवून पाठवली होती. पहिली कळ आली की काय करायचं, कोणाला बोलवायचं, घाबरायचं नाही, कशाला धरायचं, कोणत्या देवाचं नाव घ्यायचं. पत्र निघालं त्याच दिवशी, किंवा एखादा दिवस मागेपुढे माझी सुटका झाली असणार. मुलगी माझ्याजवळ झोपली होती आणि मी ते पत्र वाचत होते, पुढे व्हायच्या असलेल्या बाळंतपणाचं. शेवटी काकूने लिहिलं होतं, "आई म्हणते, मी तुझ्या उशाशी आहे असं समज."

त्या दिवसांत मी फार रडत असे, आणि कशासाठी ते मला ठरवता येत नसे. दायी सकाळी येऊन बाळाला न्हाऊ घालून जाई. मग दिवसभर मी आणि मुलगी. वखारीसमोरची माझी खिडकी उघडीच असे. मिरचीवाली देठ खुडत बसलेली दिसे. एकदाही तिने मान वर करून पाहिलं नाही, आणि मीही तिला हाक मारली नाही.

सव्वा महिना झाल्यावर मी मुलीला घेऊन गल्ली ओलांडली. बाळाला घेऊन मी पहिल्यांदा बाहेर पडले ती एवढ्यासाठीच. मिरचीवाली पोत्याचं तोंड शिवत होती. मला पाहून उठली. मुलीकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं.

"चांगली वाढून राहिली," ती म्हणाली.

"घ्या ना तिला," मी म्हटलं.

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "हात भरले हायेत. मंग घेईन."

तिचे हात भरलेलेच होते, हे खरं. पण तिने ताक मागितलं नाही. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

मुलगी दहा महिन्यांची झाल्यावर आम्ही गोव्याला गेलो. वडील अंथरुणावरच होते, डाव्या हाताने त्यांनी मुलीच्या पायाला हात लावला. आईकडे मुलगी जाईना, तिला पाहून रडे. आईला ते लागलं. चौथ्या दिवशी दुपारी माझ्या डोक्याला तेल घालताना तिने विचारलं, "तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं? खरं सांग."

मी सगळं सांगितलं. राख, ताक, चिंध्या गुंडाळलेले हात. आणि मालकीणबाईंना दिलेलं उत्तरही. आईचा हात थांबला. मला वाटलं, ती रागावेल, किंवा तूही काय करणार होतीस म्हणेल. तिने विचारलं, "तिचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. दीड वर्षात मी विचारलं नव्हतं.

 आई पुन्हा तेल चोळू लागली. "जाऊन विचार," एवढंच म्हणाली.

नागपूरला परत आल्यावर मी तिसऱ्याच दिवशी वखारीत गेले. या वेळी मुलगी झोपली होती, तिला मालकीणबाईंच्या ओसरीवर ठेवून एकटीच गेले. तिच्या पोत्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि सांगितलं, की मालकीणबाईंशी मी असं असं बोलले होते. माझ्या मोडक्या बोलीत सांगितलं, पण सगळं सांगितलं.

ती देठ खुडतच होती. "मले मालूम हाये," ती म्हणाली. "तुझ्या मालकीणबाईनंच सांगितलं मले. म्हणे, ती बाई तर म्हणते तू दारातच होती, मंग आता उगाच कायले येतेस."

"मग तुम्ही मला काही विचारलं का नाही?"

"काय विचारू? ओली बाळंतीण होती तू. घरात कोणी नव्हतं तुले." तिने एक मिरची उचलली, देठ तोडलं, टोपलीत टाकली. "पण वाईट वाटलं मले. खोटं कायले बोलू?"

मी तिला नाव विचारलं. तिने सांगितलं. मग म्हणाली, "बसलीच हायेस तं घे, देठं खुड. डोळ्याले हात लावू नोको."

मी बसले. बोटं अशी पेटली की रात्रभर झोप आली नाही, पण तेव्हा उठले नाही. पुढे आम्ही नागपुरात नऊ वर्षं राहिलो. ती माझी मैत्रीण झाली, असं म्हणणं बरोबर होणार नाही. तिच्या कामाचे दिवस असत, माझ्या संसाराचे. आमच्या खोलीत ती पुन्हा कधी आली नाही. मीच जायची. मुलीला ती लांबून हाका मारी, आणि दिवाळीच्या सुमाराला, वखारीत मिरची नसे तेव्हा, मांडीवर घेऊन बसे. माझं एकटेपण त्याने संपलं नाही. दुपारी कवेलू तापले की ते पुन्हा येऊन बसायचंच, आणि दुसऱ्या मुलाच्या वेळी मी गोव्याला गेले तेव्हा आईच्या घरात, सगळे जवळ असतानाही, थोडंसं माझ्याबरोबर आलं होतं. पण त्या शहरात काही कारण न काढता जाऊन बसता येईल, अशी एक जागा मला मिळाली होती. तेवढ्यावर मी ते दिवस काढले.